अँझा-बोरेगोला फुलं बघायला जाताय? या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला की सॅन डिएगोतल्या आपल्या मंडळींना अँझा-बोरेगो आठवतं, म्हणजे कॅलिफोर्नियातलं वाळवंटी स्टेट पार्क. दोन तासांचा रस्ता, सकाळी जाऊन रात्री घरी, म्हणून तयारी शून्य.

पहिली चूक म्हणजे २०१७ आणि २०१९चे फोटो बघून ‘मार्चमध्ये फुलं असणारच’ असं गृहीत धरणं. बिया वाळूत वर्षानुवर्षं पडून असतात. हिवाळ्यात पुरेसा पाऊस झाला तरच उगवतात, आणि मग गरम वारा सुटला की बहर बघता बघता करपतो. उद्यानाच्या व्हिजिटर सेंटरला फोन केल्याशिवाय मी गाडी काढत नाही.

दुसरी, वाटेतल्या जुलियन या डोंगरातल्या गावात ॲपल पाय खात रेंगाळून भर दुपारी खाली उतरणं. जांभळी सँड व्हर्बिना तेव्हाही दिसते, पण तिच्यात मिसळलेली पांढरी प्रिमरोझ संध्याकाळी उमलते आणि ऊन तापलं की मलूल होते. बिगहॉर्न मेंढ्यांचंही तेच. उद्यानातल्या पाम कॅन्यन या दरीत सकाळी लवकर शिरा आणि एका जागी गप्प बसा. त्यांचा रंग खडकाचाच, त्यामुळे आधी दगड घरंगळल्याचा आवाज येतो, मग मेंढी दिसते. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, ही विनंती नाही.

आता माझा खास राग, फाँट्स पॉइंट. कड्यावर उभं राहिलं की खाली बॅडलँड्सच्या, म्हणजे झिजलेल्या ओसाड टेकड्यांच्या, मातकट घड्या आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा; बघायलाच हवं. पण एस-२२ हा डांबरी रस्ता सोडल्यावरचे सहा-साडेसहा किलोमीटर म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र. माझा भाचा भाड्याची सेडान घेऊन निघाला. मी नको म्हटलं तर, “मामा, गूगल रस्ता दाखवतंय ना!” अर्ध्या वाटेत वाळू मऊ झाली, चाकं फिरायला लागली, आणि पठ्ठ्यानं ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं अर्धी गाडली गेली, गाडीचं पोट वाळूला टेकलं. मोबाइलला रेंज नाही, ताई आणि भाऊजी मागच्या सीटवर, पाण्याची एक बाटली. एका जीपवाल्यानं मदत केली. टायरमधली हवा ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवली, डब्याच्या झाकणांनी चाकांपुढची वाळू उपसली, पायपुसणी घातली, दोघांनी ढकललं. डांबरावर आलो तोवर सूर्य गेला होता. कडा कोणीच बघितला नाही.

चाक फिरायला लागलं की पाय उचला, खाली उतरा, हवा कमी करा. माझ्या डिकीत फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप कायम असतो. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर आत जाऊच नका. भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावरचं नुकसान तुमच्याच माथी असतं.

बाकीच्या चुका पटापट. रांचिता या गावाहून घाट उतरताना सतत ब्रेक दाबू नका, खालच्या गियरमध्ये या. पेट्रोल घाट उतरायच्या आधीच भरा. माणशी चार लिटर पाणी, मार्चमध्येसुद्धा. कुत्र्यांना पायवाटांवर बंदी आहे. फोटोसाठी फुलांत लोळू नका. तोडणं तर बेकायदाच. रस्त्यावर शिंगवाल्या जाडजूड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, गाडी हळू करा. त्या खायला स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी आकाशात घिरट्या घालत असतात.

आणि खिशात कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा नुसता घासला तरी चिकटतो. हातानं ओढलात तर तो हातात रुततो. कंगवा त्याच्याखाली सरकवून झटक्यात उडवा, आणि तेव्हा शेजारी कोणी उभं नाही ना, ते बघा.