टर्मिनल उघडायला वेळ लागतोय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात कळव्याचा एक ज्युनिअर माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "दादा, टर्मिनल उघडलं की प्रॉम्प्ट यायलाच चार सेकंद जातात. नवीन लॅपटॉप मागू का?" मी त्याला एवढंच करायला सांगितलं: चालू टर्मिनलमध्ये (संगणकाला लिहून आज्ञा द्यायची खिडकी) 'झेडएसएच डॅश एफ' टाईप कर. प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाईप करायची ओळ, डोळ्याची पापणी लवायच्या आत आला. झेडएसएच म्हणजे झेडशेल, टर्मिनलमध्ये तुमच्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम. डॅश एफ दिलं की हा शेल तुमची डॉट झेडएसएचआरसी, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगची फाईल, वाचतच नाही. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, वेळ त्या फाईलमध्येच जात होता.

पहिली चूक ही अशी होते. लोक रॅम वाढवतात, टर्मिनलचं ॲप बदलतात, सगळं नव्याने इन्स्टॉल करतात. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून झेडशेलच डीफॉल्ट आहे. त्यामुळे ॲप कुठलंही घ्या, आत तोच शेल तीच फाईल वाचत बसतो.

दुसरी चूक म्हणजे न मोजता ओळी उडवणं. आधी फाईलची एक प्रत काढून ठेवा आणि एक टर्मिनल उघडंच राहू द्या. फाईल बिघडली तर दुरुस्तीला तीच खिडकी उपयोगी पडते. मग 'टाइम झेडएसएच डॅश आय डॅश सी एक्झिट' ही आज्ञा पाच-सहा वेळा चालवा. मशीन सुरू केल्यावरचा पहिला आकडा धरू नका, कारण तेव्हा फाईली डिस्कवरून येत असतात. त्या मुलाने पहिलाच आकडा धरला होता, आणि दुसऱ्या खेपेला वेळ आपोआप कमी झाल्यावर आपण काहीतरी दुरुस्त केलं असं त्याला वाटलं.

वेळ कुठे जातोय हे कळायला झेडशेलमध्येच मोजणीचं साधन आहे. फाईलच्या पहिल्या ओळीत 'झेडमॉडलोड झेडएसएच/झेडप्रॉफ' आणि शेवटच्या ओळीत नुसतं 'झेडप्रॉफ' लिहा. नवी खिडकी उघडली की कुठल्या फंक्शनने किती मिलिसेकंद खाल्ले याचा तक्ता समोर येतो. त्याच्या तक्त्यात सर्वात वर 'एनव्हीएम अंडरस्कोर ऑटो' होतं आणि खाली 'कॉम्पइनिट' दोनदा चाललेलं. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा हीच जोडी असते.

एनव्हीएम म्हणजे नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. ते शेलमध्येच लिहिलेलं हजारो ओळींचं स्क्रिप्ट आहे. त्याचा इन्स्टॉलर तुमच्या फाईलच्या शेवटी दोन-तीन ओळी घालून जातो, आणि मग प्रत्येक नवी खिडकी ते अख्खं स्क्रिप्ट वाचते, डीफॉल्ट आवृत्ती कोणती ते शोधते आणि ती लागू करते. तुम्हाला त्या खिडकीत फक्त 'एलएस' करून फाईलींची यादी पाहायची असली तरी!

यावर सगळे 'लेझी लोडिंग' सुचवतात: नोड, एनपीएम (नोडची पॅकेजं इन्स्टॉल करणारं साधन) आणि एनव्हीएम या नावांची छोटी फंक्शन्स लिहायची, आणि पहिल्यांदा हाक मारली की खरं स्क्रिप्ट लोड करायचं. उपाय चांगला आहे, पण अर्धवट केला तर त्रास देतो. 'ग्लोबल', म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं न ठेवता, इन्स्टॉल केलेलं टाइपस्क्रिप्टचं 'टीएससी' सापडत नाही, कारण त्या नावाचं फंक्शन तुम्ही लिहिलेलं नसतं. गिट कोडमधल्या बदलांची नोंद (कमिट) ठेवतं, आणि त्या वेळी आपोआप चालणारी त्याची स्क्रिप्टं म्हणजे हूक. ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यांना तुमची फंक्शन्स दिसत नाहीत. संध्याकाळी घाईत कमिट करताना 'नोड सापडत नाही' असा एरर आला की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मी डीफॉल्ट आवृत्तीचा 'बिन' फोल्डर थेट पाथमध्ये (शेल प्रोग्रॅम जिथे शोधतो ती फोल्डरांची यादी) घालतो आणि फक्त 'एनव्हीएम' या एका नावालाच लेझी ठेवतो. नोड लगेच मिळतो, हूकही चालतात. डीफॉल्ट आवृत्ती बदलली की पाथमधली ओळ बदलायची, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

कॉम्पइनिट हे टॅब दाबल्यावर नाव पूर्ण करणाऱ्या यंत्रणेची तयारी करतं. ओह माय झेडएसएच, म्हणजे झेडशेलच्या सेटिंग आणि प्लगइनचा तयार संच, ते स्वतःच चालवतं. तरीही एखाद्या साधनाची सूचना वाचून लोक फाईलच्या तळाशी ते पुन्हा लिहितात आणि तीच तयारी दोनदा होते. नवीन कम्प्लिशनचे (नाव पूर्ण करण्याच्या फाईलींचे) फोल्डर एफपाथमध्ये, म्हणजे शेल त्या जिथे शोधतो त्या यादीत, ओह माय झेडएसएच लोड होण्याच्या आधी घाला आणि खालची ओळ काढून टाका.

आता झेडप्रॉफची मर्यादा, कारण इथे बरेच जण फसतात. ते फक्त फंक्शन्स मोजतं. कॉन्डा किंवा पायएन्व्ह या पायथन सांभाळणाऱ्या साधनांची ओळ बाहेरचा प्रोग्रॅम चालवून त्याचं आउटपुट घेते. तो वेळ तक्त्यात येत नाही, आणि तक्ता स्वच्छ दिसला तरी खिडकी सुस्तच राहते. कॉन्डाच्या बाबतीत तर अख्खा पायथन सुरू होतो. अशा वेळी एकेका ओळीसमोर हॅश टाकून, म्हणजे ती तात्पुरती बंद करून, पुन्हा मोजणं हाच खात्रीचा मार्ग. बॅश या दुसऱ्या शेलमध्ये झेडप्रॉफ नाही, तिथे पहिल्यापासून हेच करावं लागतं.

आणखी एक चूक ऑफिसात वारंवार दिसते: एनव्हीएम-कॉन्डासारख्या जड ओळी डॉट झेडएसएचइएनव्ही या दुसऱ्या सेटिंग फाईलमध्ये ठेवणं. ती फाईल नुसत्या टर्मिनललाच नाही, प्रत्येक झेडशेल स्क्रिप्टलाही वाचावी लागते. मग बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचं कामसुद्धा, रेंगाळतो. जड काम डॉट झेडएसएचआरसीतच हवं.

खिडकी लगेच उघडते पण एखाद्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये शिरल्यावर प्रत्येक एंटरला थांबते, असं असेल तर दोष सुरुवातीचा नाही. प्रॉम्प्ट दर वेळी गिटला फाईली बदलल्या का ते विचारतो. ओह माय झेडएसएचमध्ये त्या एका प्रोजेक्टपुरती ही तपासणी बंद करण्याची गिट सेटिंग आहे, 'हाइड-डर्टी' नावाची.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर आता अर्ध्या सेकंदाच्या आत प्रॉम्प्ट येतो. काम झालं की झेडप्रॉफच्या दोन्ही ओळी काढायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक नव्या खिडकीत तो लांबलचक तक्ता छापला जाईल.