'जरा जुनं' इंग्रजीत सांगायचं तर

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या ग्राहकसेवेत किंवा शहरात भाषांतराच्या कामात नव्यानं आलेली मंडळी हमखास अडतात ती 'ओल्ड'पाशी. आपल्याकडे माणूस म्हातारा होतो, वस्तू जुनी होते. इंग्रजीत दोघांनाही 'ओल्ड'. मग 'जरा' कुठून आणायचा?

'फेअरली ओल्ड' म्हणजे बऱ्यापैकी जुनं, तक्रार नाही. 'रादर ओल्ड'मध्ये किंचित नाराजी डोकावते. 'ओल्डिश' गप्पांत चालतं, अहवालात नको. हा 'इश' वयालाही लागतो: 'फिफ्टीइश' म्हणजे पन्नाशीच्या आसपासचा.

खरी कसरत माणसांची. 'एल्डरली' सभ्य आहे, पण त्याला अशक्तपणाचा वास येतो. सीताबर्डीत रोज दुकान उघडणाऱ्या साठीतल्या काकांना तो लावला तर ते रागावतील, आणि बरोबरच रागावतील. वय ठाऊक असेल तर सरळ आकडा लिहा. सरकारी कागदात 'सीनियर सिटिझन'. 2007 च्या कायद्यात त्यासाठी वय 60 किंवा जास्त आहे. 'एज्ड'चे उच्चार दोन. आकड्याआधी 'एज्ड सिक्स्टी', पण 'एजिड कपल'. हे दुसरं 'जरा' नव्हे, चांगलंच म्हातारं जोडपं. थोरला भाऊ 'एल्डर ब्रदर' होतो, तुलना आली की मात्र 'ओल्डर दॅन मी'. 'एल्डर दॅन' ही चूकच.

वस्तूंमध्ये 'डेटेड' म्हणजे चालतं, पण ढंग जुना. 'ऑब्सलेसंट' म्हणजे वापरातून जात चाललेलं, 'ऑब्सलीट' म्हणजे गेलेलं. मालाच्या यादीत या दोघांची अदलाबदल झाली की अजून मिळणारा सुटा भाग बंद समजून कुणी मागवतच नाही. 'विंटेज' कौतुकाचा शब्द, पण गाडीसाठी जपून: 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली असावी लागते. 'अँटिक'ला साधारण 100 वर्षांचा दंडक. इतवारीतलं तीस वर्षांचं पितळी घंगाळ फार तर 'युज्ड'.

अन् एक खोच. 'ओल्ड'चा अर्थ 'आधीचा' असाही होतो. 'माय ओल्ड ऑफिस' म्हणजे सोडलेलं ऑफिस, इमारत कालची का असेना. म्हणून 1863 सालच्या अजब बंगल्याला, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला, 'द ओल्ड म्युझियम' लिहू नका. वाचणारा विचारेल, मग नवं कुठे आहे?