नैराश्यातून जाणाऱ्याचा सोबती होताना

ज्याने स्वतः नैराश्याचे दिवस काढले आहेत त्याने त्याच दिवसांतून जाणाऱ्या दुसऱ्या माणसाला ठरवून, नियमितपणे सोबत करावी, ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या विभागाची व्यवस्था पाहणारे ज्याँ-बाप्तिस्त प्युसाँ बऱ्या होत आलेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून नेमत असत; ते स्वतःही कधीकाळी गंडमाळेच्या उपचारांसाठी तेथेच दाखल झाले होते. मराठीत मानसिक आजारातून जाणाऱ्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ म्हणण्याचा चांगला प्रघात आहे. तोच शब्द येथे वापरते, आणि सोबत करणाऱ्याला नुसते ‘सोबती’ म्हणते.

सोबती होण्यासाठी आजार पूर्णपणे मागे पडलेला असावा लागत नाही आणि औषधे चालू असणेही आड येत नाही. मात्र आपल्या वाईट दिवसांविषयी बोलून आल्यावर रात्रीची झोप उडत असेल, तर अजून थांबावे. आपल्या उपचारकांना या कामाची कल्पना द्यावी आणि अडले तर ज्याच्याशी बोलता येईल असा अनुभवी समुपदेशक किंवा जुना सोबती आधीच शोधून ठेवावा.

पहिल्या भेटीत काही गोष्टी ठरवून त्या कागदावर लिहून घ्याव्यात: किती दिवसांनी भेटायचे, किती वेळ, फोन कधी चालेल आणि कधी चालणार नाही. लिहिणे औपचारिक वाटले तरी आवश्यक आहे, कारण नैराश्यात लक्ष लागत नाही आणि ऐकलेले टिकत नाही. बोललेले सारे गुप्त राहील, पण जिवाला धोका दिसला तर इतरांना सांगावेच लागेल, हा अपवादही त्याच दिवशी स्पष्ट करावा.

खरी कसोटी स्वतःच्या अनुभवाची मात्रा ठरवण्यात आहे. मी पहिल्या भेटीत तब्बल चाळीस मिनिटे माझीच कहाणी सांगत बसले होते आणि समोरची व्यक्ती नम्रपणे मान डोलावत राहिली. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते: स्वतःचा अनुभव दोन-तीन वाक्यांत सांगायचा, तोही समोरच्याच्या बोलण्याला धरून, आणि लगेच ‘तुमच्या बाबतीत कसे आहे?’ असे विचारून थांबायचे. त्यानंतर येणारी शांतता भरून काढायची नाही. नैराश्यात विचार आणि बोलणे दोन्ही मंदावतात, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागतो; आपण घाईने बोललो तर ते ओठांवरच राहते.

‘आज आंघोळसुद्धा केली नाही,’ असे कोणी सांगितले, तर ‘उद्या नक्की करा’ हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण ते त्यांनी स्वतःला सकाळपासून दहा वेळा सांगितलेले असते. त्याऐवजी ‘फक्त तोंड धुणे जमेल का? मी फोनवर थांबते,’ असे म्हणून पाहावे. उत्साह आला की काम करू, असे आपण एरवी म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा लावावा लागतो, म्हणजे आधी अगदी लहान कृती आणि उत्साह जमेल तेव्हा मागून. चार दिवस निरोपाला उत्तर आले नाही, तर ‘रागावलात का?’ असे विचारू नये. ‘उत्तराची घाई नाही, बुधवारी सहा वाजता ठरल्याप्रमाणे फोन करते,’ एवढे लिहावे आणि बुधवारी सहाला फोन करावाच.

औषधांविषयी सोबत्याने एक मर्यादा कटाक्षाने पाळावी: कोणती गोळी, किती, केव्हा बंद, यावर मत देऊ नये. तथापि नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला बहुधा काही आठवडे लागतात आणि मळमळ, झोपेतील बिघाड असे त्रास त्याआधीच सुरू होतात, हे सांगण्यास हरकत नाही. नेमक्या याच काळात अनेकजण गोळ्या सोडतात. औषध एकदम थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, म्हणून तक्रार डॉक्टरांपर्यंत कशी पोहोचवायची, हे मिळून ठरवावे. प्रश्न लिहून काढायला मदत करावी.

‘माझ्यावाचून सगळ्यांचे बरे चालेल’ अशी भाषा ऐकू आली, की आडवळणाने न विचारता ‘आत्महत्येचे विचार येत आहेत का?’ असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर काही योजना आणि साधन जवळ आहे का, तेही विचारावे. धोका जवळ दिसला तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, साधने दूर करवावीत आणि घरचे, डॉक्टर, हेल्पलाइन किंवा तातडीची सेवा यांपैकी जे लवकर पोहोचेल त्याला बोलवावे. ‘कोणाला सांगू नका’ ही विनंती येथे पाळायची नसते.

सोबत किती काळ चालेल, हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे. शेवटाकडे भेटी आठवड्याऐवजी पंधरवड्याने, मग महिन्याने घ्याव्यात. एखाद्या दिवशी शुभार्थीच कळवतो, की या वेळी भेट नको, मित्रांबरोबर बाहेर जायचे आहे. आनंदाबरोबर मनात बारीकसे काही टोचते. त्या टोचणीचे बोलणे शुभार्थीपाशी काढू नये. आपल्या समुपदेशकाकडे काढावे.