ईमेल पासवर्ड मागतच राहतो तेव्हा

इंदूरला जेल रोडवरच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार म्हणजे "मेल सारखा पासवर्ड मागतोय." या कामात नव्यानं येणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: पासवर्ड बदलायला लगेच हात घालू नका. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो, अडलेलं दुसरीकडे असतं. तुम्ही बदललात की फोनवर आणि मुलाच्या लॅपटॉपवरही मेल बंद पडते आणि एकाच्या जागी तीन कामं होतात.

आधी ब्राउझरमध्ये जाऊन त्याच पासवर्डनं मेल उघडून बघा. उघडली तर पासवर्ड ठीक आहे, चूक मेलच्या प्रोग्रॅममध्ये शोधायची. नाही उघडली, तरच बदलायचं.

रामबागेतले एक काका थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम वापरायचे. त्यांना मेल येत होती, पण जात नव्हती. म्हणाले, "अगं, पासवर्ड चुकला असता तर आली तरी असती का?" प्रश्न अगदी रास्त होता. मेल आणणारा सर्व्हर वेगळा, पाठवणारा वेगळा, आणि थंडरबर्ड दोघांचे पासवर्ड वेगवेगळे साठवतं. काकांनी दोन दिवसांपूर्वी पासवर्ड बदलला होता. पहिल्या चौकटीत नवा टाकला. दुसरी चौकट आली तेव्हा त्यांना वाटलं, पुन्हा तेच विचारतंय, म्हणून बंद केली. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे सेव्ह्ड पासवर्ड्स उघडलं. एक ओळ आयमॅपची, म्हणजे मेल आणणाऱ्या सर्व्हरची, एक एसएमटीपीची, म्हणजे पाठवणाऱ्याची, आणि एसएमटीपीसमोर जुना पासवर्ड तसाच. तेवढी ओळ काढली, मेल पाठवली, विचारल्यावर नवा टाकला. झालं.

जीमेलचं प्रकरण वेगळं. ३० मे २०२२ पासून गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड घेणं बंद करायला सुरुवात केली. आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं १६ सप्टेंबर २०२४ ला तेच केलं. जुन्या सेटिंगवर बसलेला माणूस बरोबर पासवर्ड शंभरदा टाकतो आणि स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो, हे बघवत नाही. अशा वेळी खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन मेथड ओऑथ२ करा, म्हणजे लॉगिन थेट गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खिडकीत होतं. पाठवणाऱ्या सर्व्हरलाही करा. तो हमखास विसरला जातो. गूगलची लॉगिन खिडकी पुढे सरकतच नसेल, तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा. प्रोग्रॅम फार जुना असेल आणि त्यात ओऑथ२ नसेल तर जीमेलसाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड, गूगलकडून घ्यावा लागतो. पुढे मुख्य पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्डही रद्द होतो, हे गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगून ठेवा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांकडे कीबोर्डची भाषाही बघा. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, चूक कळत नाही. आधी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहायचं आणि सेव्ह न करता बंद करायचं.

आता जे मला अजून लागतं ते सांगते. सियागंजमधल्या एका व्यापाऱ्याकडे मी "खातं काढून नव्यानं टाकू" म्हणाले आणि काढताना मेसेज डेटाच्या चौकटीतही खूण केली. खातं पॉपचं होतं. आयमॅपमध्ये राहते तशी मेल सर्व्हरवर राहत नव्हती, फक्त त्या मशीनवर होती. बॅकअप नव्हता. कित्येक वर्षांच्या ऑर्डरी एका क्लिकमध्ये गेल्या. ते रागावले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले.

तेव्हापासून कुठेही गेले की आधी खातं आयमॅप आहे की पॉप ते विचारते, आणि हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर, म्हणजे मेल आणि सेटिंग्ज जिथे साठतात तो, शोधते. मग थंडरबर्ड बंद करून तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेते. पासवर्डचं त्यानंतर.