आंब्याचं नवं कलम सुकतंय? आधी नखाने खरवडून बघा

पानं माना टाकायला लागली की लोक आधी पाण्याचा पाइप ओढतात. थांबा. बुंध्याशी बोट खुपसून माती बघा. चिखल लागला, कुबट वास आला, तर मुळं गुदमरली आहेत. पाणी बंद, चर काढा.

मग नखाने शेंड्याची साल जरा खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर तसंच खरवडत खाली जोडापर्यंत, म्हणजे कलम बांधलं त्या जागेपर्यंत या. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल, तर ती खोडात रुतून वरचा भाग उपाशी मरतो. पट्टी ब्लेडने उभी कापा, ओढू नका. आणि जोडाखालून जोमाने फुटलेली फूट बघून खूश होऊ नका, तो खालचा, कोयीतून उगवलेला रायवळ आहे; वर बांधलेल्या हापूसच्या वाट्याचं खातोय. काढून टाका.

कोवळी पानं कात्रीने कापल्यासारखी खाली पडलीत? तो सोंडा, पानं कापणारा भुंगा. त्या पानांत अंडी असतात, रोज वेचून जाळा.

खोडावर मातीचे पापुद्रे म्हणजे वाळवी. आळ्यातलं सुकं लाकूड आधी उचला.

खत? नवी पालवी येईपर्यंत नाव काढू नका.