लोकसंख्येची घनता नकाशावर कशी वाचावी: उदाहरण इजिप्तचे

इजिप्तचे क्षेत्रफळ साधारण 10 लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या 2020 मध्ये 10 कोटींवर गेली. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला 100 माणसे येतात. हा आकडा फसवा आहे, कारण बहुतेक देश वाळवंट आहे. म्हणून लोकसंख्येला शेतजमिनीने भागा. ती सुमारे 40 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे घनता 2,500!

इथे हमखास चूक होते. आस्वानचे मोठे धरण 1970 मध्ये पूर्ण झाले आणि बारमाही पाण्यावर एकाच शेतात वर्षाला दोन पिके सर्रास निघू लागली. पिकांखालचे एकूण क्षेत्र घेतलेत तर तीच जमीन दोनदा मोजली जाते; निव्वळ लागवडीचेच घ्या. आकडे हेक्टरमध्ये असतील तर 100 ने भागा.

आता 1 ठिपका म्हणजे 1 लाख माणसे धरून सुमारे 1,000 ठिपके मांडा. जवळजवळ सगळे नाईलच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात पडतील. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेल्वे काढा: अलेक्झांड्रिया, कैरो, आस्वान. मुख्य मार्ग ठिपक्यांच्या पट्ट्यातूनच जातो. तांबड्या समुद्रावरचे हुरघाडा मात्र शेतीविना वाढले, पर्यटनावर. असे अपवाद वेगळ्या रंगात दाखवा.