आमदारांचा जीवनपट लिहिताना: गौरव अंक काढणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

साहेबांची पंच्याहत्तरी जवळ आली की जाहिराती पटापट गोळा होतात, शुभेच्छाही येतात. जीवनपट मात्र जुन्या प्रचारपत्रकावरून उतरवला जातो. त्यातली चूक मग पुढच्या प्रत्येक अंकात जाते. म्हणून लेख मागवण्याआधी सनावळी करा. वहीत चार रकाने पाडा: साल, पद, संस्थेचं त्या वेळचं नाव, पुरावा. पुरावा नसलेली ओळ पेन्सिलने लिहा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो तिसरा रकाना. कोल्हापूर महापालिका झाली १९७२ मध्ये. त्याआधी नगरपालिका होती, त्यामुळे साठच्या दशकातला ‘महापौर’ कुठे दिसला तर तो नगराध्यक्ष समजा. जिल्हा परिषद १९६२ पासूनची, त्याआधी लोकल बोर्ड.

मतदारसंघांचा घोळ याहून मोठा. २००४ पर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ होते, २००९ पासून दहा आहेत. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगाव आणि नुसतं ‘कोल्हापूर’ ही नावं गेली. कोल्हापूर दक्षिण, कोल्हापूर उत्तर आणि हातकणंगले आली. खरा फसवा आहे तो ‘करवीर’. नाव तेच राहिलं, मुलूख बदलला. सतेज पाटील २००४ ला करवीरमधून निवडून आले आणि २००९ ला कोल्हापूर दक्षिणमधून. पी. एन. पाटील २००४ ला सांगरूळचे आमदार होते, २०१९ ला करवीरचे. तेव्हा नुसतं ‘करवीरचे आमदार’ लिहू नका, साल जोडा. मतं आणि मताधिक्य निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालातूनच घ्या. विजयी मिरवणुकीत ऐकलेला आकडा दर वर्षी फुगत जातो.

‘दोनदा आमदार म्हणजे दहा वर्षं’ हा हिशेबही धरू नका. १९७२ ची विधानसभा आणीबाणीमुळे १९७८ पर्यंत चालली, आणि १९७८ ची १९८० मध्येच बरखास्त झाली. पोटनिवडणुकीत आलेल्याला उरलेलीच मुदत मिळते. कोल्हापूर उत्तरची एप्रिल २०२२ ची पोटनिवडणूक आठवा. पक्ष लिहितानाही जपा. १९७८ ला दोन काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, म्हणून ‘काँग्रेस’ एवढं पुरत नाही, कोणती ते लिहा.

विधान परिषदेची मुदत सहा वर्षं. तिथे कुठल्या वाटेने गेले हे सांगितल्याशिवाय नोंद अर्धीच राहते: स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर, शिक्षक, विधानसभा सदस्यांकडून की राज्यपालनियुक्त? प्रा. एन. डी. पाटील परिषदेवर अठरा वर्षं होते, १९८५ ते १९९० मध्ये कोल्हापूरचे विधानसभा सदस्य. १९७८ मध्ये सहकारमंत्री झाले तेव्हा ते परिषदेत होते. दोन्ही सभागृहांची वर्षं एका ओळीत मिसळली तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

सभागृहातल्या कामासाठी विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड बघा. तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी) अशा नोंदी वेगवेगळ्या काढा. एका प्रश्नाखाली बऱ्याचदा अनेक सदस्यांची नावं असतात. तिथे ‘साहेबांनी विचारला’ असं नको, ‘विचारणाऱ्यांत होते’ असं लिहा. ‘कायदा करून घेतला’ हे तर फारच सैल लिहिलं जातं. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडणं वेगळं, मंजूर होणं वेगळं. अशी बहुतेक विधेयकं मंत्र्यांच्या आश्वासनावर मागे घेतली जातात. हिवाळी अधिवेशन म्हणजे नागपूर असंही धरू नका, २०२० आणि २०२१ ला ते मुंबईत झालं.

आता श्रेयाचा भाग, जिथे गाडी हमखास घसरते. रस्ता असो, पूल असो की पाणी योजना, ‘आणली’ या शब्दाखाली किमान चार तारखा लपलेल्या असतात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण. चारही काढा. मग पाठपुरावा कुणाच्या काळातला, निधी कुणाच्या आणि नारळ कुणाचा, हे आपोआप वेगळं होतं. अलीकडचे शासन निर्णय सांकेतिक क्रमांकासह राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात.

साखर कारखान्याचंही असंच. नोंदणी, भूमिपूजन आणि पहिला गळीत हंगाम यांत वर्षांचं अंतर असू शकतं, आणि ‘स्थापना’ म्हणून प्रत्येकजण आपल्या सोयीची तारीख सांगतो. मुख्य प्रवर्तक आणि पहिला अध्यक्ष ही एकच व्यक्ती असेलच असं नाही. वार्षिक अहवालांचे जुने अंक मागा. दूध संघ, जिल्हा बँक आणि बाजार समितीतल्या पदांनाही हाच नियम. वृत्तपत्रांच्या फायलींसाठी करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

जन्मतारीख १ जून असेल तर घरच्यांना पुन्हा विचारा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली असायची. खरी मिळाली तर दोन्ही छापा.

शेवटचा खर्डा साहेबांच्या घरी जाण्याआधी विरोधी गटातल्या एखाद्या जुन्या, वाचणाऱ्या माणसाकडे द्या. तो आकडे आणि साल यांवरच बोट ठेवेल.